बस तिथे थांबत नाही

मी एक जुनी मोटारसायकल आहे, मित्रांनो. आमच्या भागात मला मोटारसायकल कुणी म्हणत नाही, फटफटी म्हणतात, आणि तेही जरा दबक्या आवाजात. कारण माझ्यावर बसून गेलेला एक माणूस घरी परत आला नाही. मी रस्त्याकडेला उभी असले की काही आया मुलांचा हात धरून पलीकडच्या बाजूने जातात. मला त्याचा राग येत नाही. पण माझी हकीगत तुम्ही माझ्याकडूनच ऐकावी. त्या वळणावर आम्ही तिघेच होतो. एकजण गेला, एक बोलेनाशी झाली, आणि तिसरी मी, मला देवाने फक्त हॉर्न दिला.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्या बहिणी रांगेने उभ्या होत्या. रंग गर्द हिरवा, टाकीवर पांढरी रेघ. दुकानात आले तेव्हा माझ्यात तोंड पाहून लोक केस सारखे करत. एके दिवशी एक तरुण मुलगी आणि तिचा मोठा भाऊ मला घ्यायला आले. दुकानदाराने किल्ली भावाच्या हातात दिली.

"मला काय देता?" भाऊ म्हणाला. "मला सायकलसुद्धा धड येत नाही. गाडी हिची आहे. मी आपला ओझं."

ती मुलगी जनावरांची डॉक्टर होती. पुढे सगळे तिला डॉक्टरीणबाई म्हणू लागले, म्हणून मीही तसेच म्हणते. भाऊ शिंपी होता. घराच्या पुढच्या खोलीत त्याचे दुकान होते. तो कापड कापायचा आणि त्याची बायको मशीनवर शिवायची. डॉक्टरीणबाई तिला वहिनी म्हणत आणि वहिनी त्यांना वन्सं म्हणत. दोघींचे चांगले जमायचे. वहिनींनी माझ्या सीटला जाड कापडाचे आवरण शिवले, त्याला दुहेरी टीप घातली आणि म्हणाल्या, "वन्सं, गाडी जुनी होईल, पण ही टीप उसवणार नाही."

मित्रांनो, ती वर्षे माझ्या भरभराटीची होती. घाटाच्या अलीकडे आणि पलीकडे जिथे गाय अडली, शेळी फुगली, बैलाच्या पायात काटा मोडला, तिथे मी जात असे. मागच्या कॅरियरला औषधांची पेटी असे. अवघड बाळंतपण असले की दुकान वहिनींवर सोपवून दादाही निघायचा, कारण दोर धरायला आणि वासराचे पाय ओढायला दणकट हात लागत. घाईत गळ्यातली मोजपट्टी काढायची राहून जाई. एकदा एक म्हातारा त्याला म्हणाला, "काय रे, माझ्या म्हशीला झबलं शिवायला आलास का?" दादाने खरोखरच म्हशीचे माप घेतले. सगळा गोठा हसला.

निघताना डॉक्टरीणबाई मागे न बघता विचारत, "बसलास?" आणि दादा म्हणे, "बसलो." मग मी सुटायची. वाटेत तो माझ्या मागच्या, आधाराला धरायच्या कडीवर बोटांनी ताल धरायचा. त्याला गाता येत नव्हते, तालही चुकायचा. पण मला त्याची सवय झाली होती.

त्या दिवशी आम्ही घाटापलीकडून परत येत होतो. दुपार कलली होती. अडलेली गाय सुटली होती, वासरूही जगले होते. घाटात रस्त्याचे काम चालले होते आणि एका वळणावर कुणीतरी बारीक खडी पसरून ठेवली होती. ना फलक, ना माणूस. माझे पुढचे चाक खडीवर गेले आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. मी आडवी झाले. डॉक्टरीणबाईंचा खांदा मोडला. दादाचे डोके कठड्याच्या दगडावर आदळले. माझे मागचे चाक बराच वेळ फिरत राहिले. मला ते थांबवता येईना.

दादा तिथेच गेला.

दवाखान्यात वहिनी आल्या. डॉक्टरीणबाईंचा हात गळ्यात बांधलेला होता. त्यांच्याकडे बघून वहिनींनी एकच वाक्य उच्चारले, "वन्सं, तुम्ही कशा वाचलात?"

हे मला पुढे कळले. मला नेण्यासाठी आलेल्या टेम्पोत दोघे शेजारी ते बोलत होते. पण त्या घरात ते वाक्य जणू भिंतीत चिणले गेले. त्यानंतर दोघी एकाच छताखाली राहिल्या. दादाची लहान मुलगी दोघींनी मिळून वाढवली, शिकवली, तिला नोकरीसाठी दूर पाठवले. रोज एकमेकींना चहा दिला, तापात डोक्यावर पट्ट्या ठेवल्या. पण वळणाचे नाव कुणी काढले नाही. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा मला हात लावला नाही. त्या आपल्या जनावरांच्या दवाखान्यातच बसू लागल्या. घाटापलीकडून बोलावणे आले की दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवायच्या.

मला मागच्या पडवीत ढकलून वर ताडपत्री टाकली होती. टायर बसले, टाकी आतून गंजली, उंदरांनी माझ्या पोटात घर केले. डॉक्टरीणबाई एकदा मला भंगारात द्यायला निघाल्या होत्या. वहिनी मशीन न थांबवता म्हणाल्या, "असू दे. जागा कुठे खाते?"

आता एक गोष्ट सांगते. ती डॉक्टरीणबाईंना ठाऊक नव्हती. दुपारी घरात कुणी नसले की वहिनी पडवीत येत. ताडपत्री मागच्या बाजूने थोडी उचलत आणि सीटवर, दादाच्या जागी, एका बाजूला पाय सोडून बसत. मागची कडी हाताने धरून ठेवत. रडत नसत. एकदा अगदी हळू आवाजात त्यांनी मला विचारले, "शेवटचं काय म्हणाले हे?"

मित्रांनो, मला ते ठाऊक होते. माझ्याच पाठीवर तो बोलला होता. आयुष्यात तेव्हाएवढी मुकेपणाची लाज मला कधी वाटली नाही. आणि त्या उठून गेल्या की पुढे कितीतरी वेळ माझ्या कडीवर कुणीतरी बोटांनी चुकीचा ताल धरल्यासारखे वाटायचे. पडवीचा पत्रा तापला की आवाज करतो, हे मलाही कळते. पण पत्र्याचा आवाज मी ओळखते, आणि तो तसा नव्हता.

मग डोंगरातून बोगदा झाला. सरळ, लांब, दिव्यांचा. जुना घाट कायमचा बंद होणार असल्याची बातमी आली. दगड सुटायला लागले होते, आणि त्या जुन्या रस्त्याचे आता कुणाला कामही उरले नव्हते. त्या संध्याकाळी वहिनी स्वतःहून डॉक्टरीणबाईंना पडवीत घेऊन आल्या. त्यांनी ताडपत्री पूर्ण काढली.

"रस्ता बंद व्हायच्या आत मला तिथे घेऊन चला," त्या म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. "आपण गाडी ठरवू. ड्रायव्हर घेऊ."

"ड्रायव्हरला काय माहीत? तुम्हाला माहीत आहे. आणि हिला."

"वहिनी, माझ्याच्यानं नाही होणार. माझे हात बघा."

हात खरोखर कापत होते. वहिनींनी ते बघितले आणि म्हणाल्या, "कापू देत. मशीनवर माझेपण कापले होते पहिलं वर्षभर. शिवायचं काही थांबलं नाही."

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाला आला. माझ्या पोटातून उंदराचे घरटे काढताना तो म्हणाला, "इंजिन गंजून जाम झालं नाही, नशीब समजा. बाकी सगळं नवं घालावं लागेल." त्याने टाकी धुतली, टायर, वायरी, ब्रेक बदलले. पहिल्यांदा किक मारली तेव्हा मी काळा धूर ओकले आणि खोकत खोकत जागी झाले. घरात मशीन चालू होते. ते थांबले.

डॉक्टरीणबाई रोज सकाळी मला बाजाराच्या मोकळ्या आवारात नेऊ लागल्या. पहिल्या दिवशी त्यांनी हँडल धरले, क्लच दाबला, आणि मागे न बघता विचारले, "बसलास?"

उत्तर आले नाही. त्या तशाच थांबून राहिल्या. मग क्लच झटक्यात सुटला, मी बंद पडले, आणि आम्ही दोघी आडव्या. भाजीवाल्या हसल्या. एक म्हणाली, "डॉक्टरीणबाई, बैलाला वेसण घालता आणि हिला घाबरता?" डॉक्टरीणबाई उठल्या, गुडघा झटकला, पुन्हा बसल्या.

हात काही विसरले नव्हते. गिअर, ब्रेक, तोल, हळूहळू सगळे परत आले. पण भीतीसुद्धा काही विसरली नव्हती. वळण आले की त्यांचे अंग लाकडासारखे होई. शिवाय एक चमत्कारिक गोष्ट होती. त्या वळताना दोन माणसांचे वजन असल्यासारख्या कलत. ब्रेकही तसाच लांबून धरत. एके दिवशी गॅरेजवाल्याने टोकलेच. "एकट्या असताना अशा पुढे सरकून काय बसता? टाकीवर चढाल."

"मागे जागा लागते," त्या बोलून गेल्या. गॅरेजवाल्याने माझ्या मागच्या सीटकडे एकदा पाहिले.

घाट बंद व्हायच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. मी धावत असताना वहिनी माझ्यावर कधीच बसल्या नव्हत्या. त्यांनी पदर खोचला, डॉक्टरीणबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. तो नेमका मोडून जुळलेला खांदा होता. डॉक्टरीणबाई दचकल्या, पण त्यांनी तो हात काढायला सांगितले नाही.

घाटात दुसरी गाडी नव्हती. कठड्यांवर गवत वाढले होते. मी दुसऱ्या गिअरमध्ये चढत होते, आणि मित्रांनो, खरे सांगते, मला जड होत होते. दोन सडपातळ बायकांचे वजन ते किती असणार? एका वळणाशी डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतले आणि इंजिन बंद केले. त्यांचा श्वास फुलला होता.

"इथे नाही," वहिनी म्हणाल्या. "अजून पुढे. पिवळ्या दगडाच्या नंतर."

डॉक्टरीणबाईंनी मान वळवून पाहिले. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"बसच्या खिडकीतून बघते ना. वर्षातून एकदा तिकीट काढून पलीकडे जाते आणि परतीच्या बसने येते. तुम्हाला सांगायचे, दोरे आणायला चालले." वहिनींनी पुढच्या वळणाकडे बोट दाखवले. "बस तिथे थांबत नाही हो, वन्सं. झर्रकन निघून जाते. कितीही डोळे फाडून बघितलं तरी धड दिसतच नाही."

डॉक्टरीणबाईंनी किक मारली.

वळण आले. खडी कधीच निघून गेली होती. रस्ता गुळगुळीत होता. तरी माझे पुढचे चाक थरथरले. आम्ही थांबलो. वहिनी उतरल्या, कठड्याच्या दगडाजवळ गेल्या आणि त्यावर तळहात ठेवून उभ्या राहिल्या. कापडाचे धागे सरळ आहेत की नाही ते बघताना ठेवतात, तसा.

"शेवटचं काय म्हणाले हे?"

डॉक्टरीणबाईंनी माझी किल्ली काढून मुठीत धरली. "सांगितलं तर तुम्हाला आवडणार नाही."

"इतकी वर्षं न आवडणारंच ऐकत आले आहे मी मनातल्या मनात. सांगा."

"ते वासरू पायाळू होतं. आधी पाय आले, मग डोकं. मीपण पायाळू, तुम्हाला माहीत आहे. दादा म्हणाला, तरीच तुझं ढोरांशी जमतं, तुम्ही सगळे उलटे आलेले." त्यांनी वहिनींकडे पाहिले. "आम्ही हसत होतो, वहिनी. दोघंही. मोठमोठ्यांदा. हसता हसता पडलो. तुम्हाला येऊन कसं सांगू, की आम्ही हसत होतो?"

वहिनी तिथेच कठड्यावर बसल्या.

"हसत होते," त्या म्हणाल्या. मग पुन्हा, "हसत होते." मग पदराने तोंड झाकून म्हणाल्या, "मला वाटायचं, हाक मारली असेल. मला हाक मारली असेल, आणि मी तिथे मशीन चालवत बसलेली. रोज कानात ती हाक यायची हो. मशीनच्या आवाजात तर जास्तच."

डॉक्टरीणबाई त्यांच्या शेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही विचारलं होतंत, मी कशी वाचले. मला अजून माहीत नाही."

"तसं नव्हतं म्हणायचं मला," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही तरी वाचलात, असं म्हणायचं होतं. तोंडातून भलतंच निघालं."

तेव्हा त्यांना खरोखर तसेच म्हणायचे होते का, मला ठाऊक नाही. मी यंत्र आहे, माणसाच्या मनातले मला काय कळणार? पण आता त्यांना तसे म्हणायचे होते, एवढे मात्र खरे. दोघी तिथे ऊन उतरेपर्यंत बसल्या. एकदा मध्येच वहिनी फिस्सकन हसल्या, "उलटे आलेले!" आणि मग दोघी एकमेकींना धरून खूप रडल्या.

घाट दुसऱ्या दिवशी बंद झाला. आता तिथे मातीचा ढीग आहे. डॉक्टरीणबाई पुन्हा गोठ्यांवर जाऊ लागल्या आहेत, बोगद्यातून. त्या वळणावर मागे राहिलेले जे काही होते ते आमच्याबरोबर खाली आले की तिथेच राहिले, ते मी सांगू शकत नाही. बोगद्यातल्या दिव्यांखालून जाताना माझी सावली भिंतीवर पडते, आणि तिच्यावर किती जण बसलेले दिसतात ते मी बघत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे कुणी झाकून ठेवलेले असेल, तर त्याला तेलपाणी करा, टायरात हवा भरा, मोठ्यांच्या देखरेखीखाली चालवा. रस्त्यावर खडी दिसली तर बाजूला करा, करता आली नाही तर निदान तिथे एक फांदी उभी करा. आम्हा गाड्यांच्या पोटात जे अडकते ते गॅरेजवाला काढतो. माणसांच्या पोटातले माणसांनाच विचारून काढावे लागते. ज्याला ठाऊक आहे तो समोरच्या खोलीत चहा पीत बसलेला असतो. तो बसलेला आहे तोवर जा आणि विचारा.