त्रेचाळिसाव्या रचनेतली चूक

संगीतकार कुझुमी हारुत्सुगु यांच्या बेचाळीस रचना झाल्या आणि बेचाळीसही एकेकदाच वाजल्या. पहिल्या प्रयोगाला जपानातल्या सेंदाई शहरातली मानाची मंडळी यायची, ताठ बसून झोपायची आणि जाताना कमरेत वाकून म्हणायची, "बरंच शिकायला मिळालं." दुसऱ्यांदा शिकायची हौस कुणालाच नव्हती. पुरस्कार तीन मिळाले होते, पण आपलं काहीतरी एकदा तरी पुन्हा वाजावं म्हणून एकसष्टी उलटलेला हा माणूस आतल्या आत झुरत होता.

त्रेचाळिसावी रचना एकट्या व्हायोलासाठी होती आणि वाजवणारी होती इनागाकी सावाको. मध्यावर असे काही सूर आले की सभागृह जागं झालं. खुद्द कुझुमींचे डोळे भरले. व्यवस्थापक ओनोदेरा धावतच आले. "गुरुजी, वसंतात पुन्हा ठेवू या!"

कुझुमींना आभाळ ठेंगणं झालं. फक्त एक काटा सलत होता. इतकं सुंदर आपण लिहिलेलं नाही, याची त्यांना पक्की खात्री होती. मग मोठ्या मनाने मांजू मिठाईचा डबा घेऊन ते ओनोदेरांसह सावाकोच्या खोलीत गेले.

"इनागाकीबाई, मध्ये चुकलात. माझ्या कानातून काही सुटत नाही हो! पण असू दे, वसंतात तसंच चुका."

सावाको लाल झाली. "माफ करा गुरुजी. कुठे ते दाखवता?" तिने कुझुमींनी तिला दिलेलं मूळ हस्तलिखित पुढे केलं.

कुझुमींनी चष्मा लावला. सातवं पान. तिने वाजवलेला सूर न् सूर तिथे होता, त्यांच्याच अक्षरात.

"आधी वाद्यवृंदात आम्ही तुमचं वाजवायचो ना," सावाको भाबडेपणाने म्हणाली, "तेव्हा म्होरके म्हणायचे, एवढं गिचमिड कोण वाचतंय, वाजवा काहीही, गुरुजींना कळत नाही. मला ते पटेना. म्हणून या खेपेला चार महिने एकेक सूर लावत बसले."

म्हणजे चाळीस वर्षांत त्यांनी स्वतःचं संगीत पहिल्यांदाच ऐकलं होतं! खरं तर तिथेच तिचे हात धरून रडायचं. पण दारात ओनोदेरा उभे होते, आणि मेलो तरी चालेल पण नाक खाली नको, हा कुझुमींचा बाणा.

"हे बघा, इथे," ते म्हणाले. जाड पेनने त्यांनी पाच ओळी काळ्याकुट्ट खोडल्या आणि वर सुचतील ते सूर लिहिले. सावाकोने वाकून आभार मानले.

वसंतात तिने ते इमानेइतबारे वाजवलं. ओनोदेरांनी तिसऱ्या प्रयोगाचं नावही काढलं नाही. तिच्याकडून हस्तलिखित परत घेऊन कुझुमी घरी आले आणि सातवं पान दिव्यासमोर धरून बसले. शाईखालचं काही दिसेना, आठवेना. सावाकोच्या बोटांत ते अजून असणार. पण तिला विचारायचं कोणत्या तोंडाने? ती चूक होती, असं त्यांनीच तर सांगितलं होतं.