पळणारा पिवळा

आचलला रंगांचं वेड होतं, आणि ते साधंसुधं नव्हतं. वांगी आणायला पाठवलं तर ती वांग्याचा जांभळा बघत उभी राहायची आणि घरी येताना मेथी घेऊन यायची. दर्यापूरच्या शेतकऱ्याची ही पोर अमरावतीला कापड रंगवायला शिकली आणि गावी परतून अंगणातल्या चुलीवर रंगाची पातेली चढवू लागली. आईची, म्हणजे लीलाबाईंची, चांगली पातेली त्यात कायमची कामातून गेली होती.

पण हौसेलाही मुदत असते. मनोजमामांनी बडनेऱ्याला सिमेंटच्या दुकानात तिच्यासाठी टेबल-खुर्चीची नोकरी ठरवून टाकली होती. सोमवारी रुजू व्हायचं. त्याआधी अकोल्यात साड्यांचं दुकान चालवणाऱ्या अनुपमाताईंनी तिची एक साडी जरी दुकानात ठेवून घेतली तर नोकरीला नाही म्हणायचं, एवढं तिनं वडिलांकडून कबूल करून घेतलं होतं. पहिली साडी अनुपमाताईंनी उलगडली, पाहिली आणि पुन्हा नीट घडी घालून तिच्या हातात दिली. पांढऱ्यावर हिरवी पानं आणि काठाला मोर होते.

"असे मोर माझ्याकडे ढिगानं पडलेत गं. तुझ्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी आण," त्या म्हणाल्या होत्या.

आता शनिवार उजाडला होता आणि आचल शेतात उभी होती. दिवाळी तोंडावर आलेली, कपाशी कमरेएवढी वाढलेली, आणि उन्हं वर येतायेता एकेक फूल उघडत होतं. मलईत लिंबाचा थेंब पडावा असा तो पिवळा. पाकळी बोटानं चाचपली तर तिच्यावर बारीक बारीक चुण्या. आचलच्या अंगावर काटाच आला. जन्मभर शेताच्या या बांधावरून ये-जा केली आणि हे फूल असं हातात घेऊन कधी पाहिलंच नाही, याची तिला लाजही वाटली. तिनं फांदीच मोडून घेतली.

वडील, नत्थुजी, कपाशीच्या दोन ओळींपलीकडून ओरडले, "अवं, आख्खी फांदी काहून तोडली? बोंडं होते ना तिले."

"बाबा, मले हा रंग पायजे."

"मंग रंग ने ना. फांदी कायले नेऊन राहिली?"

फांदी घरी आली, पाण्याच्या पेल्यात उभी राहिली. आचलनं पिवळ्या रंगाची पुडी सोडली, दुसऱ्या, कोऱ्या पांढऱ्या साडीचं टोक बुडवलं, वाळवलं आणि फुलाशेजारी धरलं. जुळेना. कापड जास्त पिवळं दिसत होतं. तिनं लाल रंगाचा थेंब टाकला आणि पुढचं हातभर कापड बुडवलं. तेही वाळेपर्यंत पुन्हा चुकलेलं. चाचणीच्या चिंध्या केव्हाच संपल्या होत्या, म्हणून सगळी परीक्षा त्या एकाच साडीवर चालली होती.

दुपारी तिनं गुन्हेगार शोधून काढला. दर्यापूरच्या माणसाला गुन्हेगार शोधायला लांब जावं लागत नाही. डाळ शिजली नाही, खारं पाणी. केस गळले, खारं पाणी. जावई रुसला तरी आमच्याकडे आधी विहिरीकडेच बघतात. आचलनं विहिरीच्या नावानं बोटं मोडली, आईशी भांडून पिण्याचं गोडं पाणी मिळवलं आणि पुन्हा सुरुवात केली. गोड्या पाण्यानंही रंग जुळेना. ती थेंब वाढवत गेली, हातभर पुढे सरकत गेली, आणि दिवस कलला तेव्हा साडी संपली होती. दोरीवर पट्ट्यांमागून पट्टे लोंबत होते. आचल ओट्यावर बसून ढसाढसा रडली.

लीलाबाई म्हणाल्या, "जाऊ दे वं माय. सिमेंटाले रंग नाई राहत, हे तरी बरं."

रविवारी सकाळी ती पेला रिकामा करायला गेली आणि थबकली. पेल्यात गडद गुलाबी फूल होतं, मिटलेलं, चुरगळलेलं.

"आई, फूल कोणं बदललं?"

"कोण कायले बदलीन? तेच हाये ते."

नत्थुजी चहा पीत होते. "कपाशीचं फूल पयल्या दिवशी पिवळं अन् दुसऱ्या दिवशी लाल. असंच राहते."

"मंग काल काहून नाई सांगतलं?"

"तू पाण्याले शिव्या देऊन राहिली होती. मले वाटलं, पाण्याचंच काई असन."

झाडावर पिवळी आणि लाल, दोन्ही फुलं तिनं लहानपणापासून पाहिली होती. पण एकच फूल दिवसभर समोर ठेवून कोण बसतं? काल ती बसली होती. ती वळली आणि दोरीकडे पाहू लागली. मलई, मग लोणी, मग पिकत्या पेरूचा गर, मग लाजल्यासारखा गुलाबी. एकही पट्टा चुकला नव्हता; कापड वाळेपर्यंत फूलच पुढच्या रंगाला गेलेलं असायचं. ती त्या फुलाच्या मागे धावत होती आणि पावलागणिक त्याला गाठत होती. आनंदानं तिला काय करावं सुचेना. तिनं साडी ओली केली, पाकळीसारख्या चुण्या पडाव्यात म्हणून घट्ट पिळून उन्हात वाळवली आणि दुपारची अकोल्याची जीप पकडली.

अनुपमाताईंनी साडी उलगडली. त्या चुण्यांवरून हात फिरवत राहिल्या. आचलनं घाबरत घाबरत सगळं सांगितलं, विहिरीसकट.

"आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या कापूस तोलला गेला," अनुपमाताई हळूच म्हणाल्या. "फुलाकडे कोणी बघितलं नाही." मग त्यांच्यातली दुकानदारीण जागी झाली. "अशीच दुसरी होईल?"

हो म्हणणं सोपं होतं. पण आचलच्या तोंडातून खोटं निघेना. "अशीच नाई होणार ताई. ऊन बदललं का फूल बदलते."

अनुपमाताईंनी साडी खांद्यावर टाकली आणि आरशासमोर उभ्या राहिल्या. दुकानात आलेल्या एका बाईंनी मागून किंमत विचारली.

"ही माझी आहे," त्या आरशातूनच म्हणाल्या. "दुकानासाठी पुढची येतेय." आणि मग आचलकडे वळल्या. "कधी देतेस?"

आचलला हसू आवरेना. "सकाळी फूल उघडलं, का दुसऱ्या दिवशी तयार."