तिफणीचा दिवा

दिवा लागला आणि मी चक्क टाळ्या पिटल्या. शिडीवरून जोतिराम सुतार माझ्याकडे बघून हसला. हसू दे! तीन महिने ज्याची स्वप्नं बघितली तो दिवा जेवणाच्या टेबलावर लटकत होता, आणि तो माझ्या सासऱ्यांच्या तिफणीचा होता.

तिफण म्हणजे तीन नळ्यांचं पेरणीचं अवजार. वर चाडं असतं, लाकडी वाडग्यासारखं. त्यात मुठीनं बी सोडत राहायचं, की ते तिन्ही नळ्यांतून जमिनीत उतरतं. मी चाडं आणि नळ्या काढून उलट्या टांगल्या होत्या. चाड्याचं तोंड खाली, आत बल्ब. मोबाइलवर असले शंभर फोटो बघून ठरवलं होतं, उगाच नाही.

सांगोल्याजवळ आमच्या डाळिंबाच्या रानात हे नवं घर, आणि उद्या वास्तुशांत. मी सोलापूरची, शाळेत चित्रकला शिकवते. माझ्या नवऱ्यानं, हृषीकेशनं, सजावट माझ्यावर सोपवली आणि मी पेटलेच. राखाडी सोफ्यावर काळी घोंगडी. इंडक्शनच्या शेगडीच्या वर भिंतीला उघडी फळी आणि तिच्यावर पितळी डबे, चिंचेनं घासून घासून माझी बोटं सोलून निघालेली. खिडक्यांना पडदे म्हणून सोलापुरी चादरी. जुनं आणि नवं एकमेकांना इतकं शोभत होतं, की मी दर पाच मिनिटांनी बाहेर जायचे आणि पाहुणीसारखी परत आत यायचे.

पण हा सगळा खटाटोप एकाच माणसासाठी होता. माझ्या सासूबाई, बजाबाई. गावातली पत्र्याची खोली सोडायला त्या तयार नव्हत्या. "त्या काचंच्या घरात मला करमायचं न्हाय. वास्तुशांतीला येईन, जेवीन आन् माघारी जाईन," असं त्यांनी सांगूनच टाकलं होतं. मला त्या हव्या होत्या. त्या नसतील तर घरात भांडायचं कुणाशी? हृषीकेश तर भांडतच नाही.

संध्याकाळी जोतिराम हत्यारं आवरत होता, तेवढ्यात हृषीकेश त्यांना मोटारसायकलवर बसवून घर दाखवायला घेऊन आला. त्यांनी घोंगडीवरून हात फिरवला, डब्यांची झाकणं उघडून बघितली. "बरं घासल्यात," म्हणाल्या. मी मनातल्या मनात उड्या मारत होते. मग त्यांनी वर बघितलं.

"हे कुणी टांगलं?"

"मीच की, आत्याबाई!"

"काढ."

माझं डोकं सटकलं. "का म्हणून? केवढी मेहनत घेतलीय मी!"

"पेरा संपला की आमच्यात चाडं पालथं घालत्यात," त्या हळू म्हणाल्या. "तुझा सासरा गेला, रानात डाळिंब लागलं, पेरणी कायमची संपली, तवा ह्याच हातानं मी त्ये पालथं घातलं. लई रडले. आन् तू त्ये जेवायच्या जागी तसंच टांगलंस? रोज घास घेताना त्येच बघू व्हय मी?"

मी हृषीकेशकडे बघितलं, तर त्यालाही ठाऊक नव्हतं. तो तेव्हा सोलापुरात वसतिगृहात होता. शंभर फोटो बघितले, पण या बाईला एका शब्दानं विचारलं नाही. माझी मलाच इतकी लाज वाटली की कान तापले.

"हृषी, सोड मला माघारी," म्हणत त्या दाराकडे वळल्या.

"जोतिरामभाऊ, शिडी लावा!" मी ओरडलेच. "आत्याबाई, दोन मिनिटं थांबा. सुलटं कसं असतं तेवढं सांगून जा."

त्या थांबल्या. चपलेत एक पाय घालून उभ्या राहिल्या आणि तिथूनच सांगायला लागल्या. "चाडं वर. नळ्या खाली. आरं, तशा न्हाय, जरा फाकवून."

"पर वहिनी, उजेड समदा वरच जाईल की," जोतिराम कुरकुरला.

"जाऊ दे!"

हृषीकेशनं पडदे ओढले. मी बटण दाबलं. छत उजळलं, आणि खाली टेबलावर तीन नळ्यांतून उजेडाचे तीन ठिपके पडले. हातहात अंतरावर, एका ओळीत! मी किंचाळले. जोतिरामनं शिडीवरूनच शिट्टी मारली. असलं काही मला सुचलंच नसतं, आणि एकाही फोटोत ते नव्हतं.

आत्याबाईंनी चप्पल काढली. टेबलाजवळ आल्या आणि वाकून एकेका ठिपक्यावर तळहात धरून बघितला.

"मधल्या नळीला कमी पडतंय," त्या म्हणाल्या आणि सरळ खुर्चीवर चढल्या.

"आये, पडशील!"

"गप रं. तुझा बा नुसता बैल हाकायचा. चाड्यावर मूठ माझी असायची." दिवा बंद करायला लावून त्यांनी चाड्यात हात घातला, बल्ब बोटभर सरकवला. परत लावायला सांगितला. कमी वाटला, पुन्हा सरकवला. चौथ्या वेळेला तिन्ही ठिपके सारखे झाले. त्या खुर्चीवरच उभ्या राहून खाली बघत होत्या, आणि चाड्यावर धरलेली त्यांची मूठ आपोआप थोडी थोडी सैल होत होती.

मग पदरानं तोंड पुसत उतरल्या आणि माझ्यावर खेकसल्या, "बघत काय ऱ्हायलीस? माझी खोली कंची, त्ये दाव की."