सील मशीनमधलं भूत

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात सोमवारी पहिल्या पाळीचं काम थांबलं आणि पन्नास माणसं पिशव्या सील करायच्या मशीनभोवती दाटली. मधोमध भूत उतरवणारे कमलाकांत महाराज, हातात तांब्या. समोर दीपाली, उजव्या हाताला पट्टी. महिन्यापूर्वी, अमावस्येच्या सकाळी, तिची दोन बोटं याच मशीनच्या तापलेल्या जबड्यात गेली होती. कोणी बटण दाबलं नव्हतं. जबडा आपसूक मिटला होता.

"ओळखलं तुला!" महाराज मशीनवर गरजले. "सात वर्षांचा उपाशी तू! या पोरीच्या सावलीला लागून आत शिरलास. आहेस ना? दे जबाब!"

त्यांनी तांब्यातलं तीर्थ शिंपडलं. खाड्! रिकामा जबडा मिटला.

"बाय गं, बोलला!" जमना किंचाळून मागे सरली.

"हिचा पाय पुन्हा इथं पडला, तर पुढचा बळी तुमच्यातला," महाराजांनी निकाल दिला. मालक निमेश शेठनी लगेच मान डोलावली. भुताला कामावरून काढता येत नाही, पोरीला काढता येतं.

जिवल्या झाडू धरून कोपऱ्यात उभा होता. दीपाली त्याची लेक. डोंगराकडचा भाताचा तुकडा पावसापुरता. एरवी झाडूवाल्याच्या पगारात भागत नसे, सालवडच्या खोलीतली चूल तिच्याच कामावर पेटायची. ओरडून सांगावंसं वाटलं, माझी लेक तशी नाय. पण मिटलेला जबडा त्यानेही डोळ्यांनी पाहिला होता.

तेवढ्यात जागृतीताई पुढे आल्या. यंत्रापुढे माणसाचे हात आणि डोळे कसे चालतात, चूक कुठे होते, याचा अभ्यास करणाऱ्या या संशोधक बाई आठवडाभर वही घेऊन तिथे बसत होत्या. बायका त्यांना चिडवत, "ताई, हात बघून आमचं भविष्य सांगता का?"

"महाराज, दीपाली बाहेर थांबेल. आता शिंपडा."

"भूत काय तुमच्या हुकमाचं आहे?"

"माझ्या नाही, तुमच्या. शिंपडा की."

पन्नास जण बघत होते. शिंपडावं लागलं. खाड्! सावली दाराबाहेर, तरी जबडा मिटला.

जागृतीताईंनी तांब्यात बोट बुडवून जिभेला लावलं. "तीर्थ खारट कसं?"

"केळव्याच्या दर्याचं आहे. पवित्र!"

ताईंनी मशीनची काच कोरडी पुसली, तिच्यापुढे लाकडी फळी धरली आणि महाराजांना पुन्हा शिंपडायला लावलं. जबडा हलला नाही. फळी काढून काचेवरच्या हिरव्या चौकोनावर एकच थेंब सोडला. खाड्!

"ही मोबाईलसारखी काच आहे. बोट लागलं की मशीन चालू. खारट थेंब पडला, तरी हिला बोटच वाटतं. महाराजांना हे कळलं होतं, नाहीतर तांब्यात दर्या कशाला आणतील?"

"महाराज, पुढच्या खेपेला बोंबीलबी आणा!" जमना ओरडली. हशा पिकला आणि महाराज तांब्या घेऊन निघाले.

"पण त्या दिवशी काचेवर खारट काय पडलं होतं?" ताईंनी विचारलं.

जिवल्याच्या हातातला झाडू गळून पडला.

"नारळ," तो म्हणाला. "दर अमावस्येला पाळी सुरू व्हताना मी नारळ फोडतो, पाणी मशीनवर शिंपतो. वीस वर्सं झाली. पयलं लोखंडी बटण व्हतं, अंगठ्यानं जोर लावायला लागायचा. ही काच नवी, आठवडाच झाला व्हता." त्याने दाराकडे पाहिलं. "माझ्याच हातानं, ताई?"

"म्हणजे चूक तुझी!" शेठ म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला होता.

"नाही," जागृतीताई म्हणाल्या. "नारळाचं पाणी गोड लागलं, तरी त्यात क्षार असतात. पण थेंब आणि बोट यांतला फरक जिला कळत नाही, अशा काचेच्या ताब्यात तुम्ही तापलेला जबडा दिलात. काच बसवताना इथल्या एका तरी माणसाला विचारलंत, तुम्ही या मशीनशी काय काय करता?"

"अहवाल द्या, वाचतो. पुन्हा लोखंडी बटण बसवायचं तर मशीन पंधरा दिवस बंद ठेवावी लागेल, ते जमणार नाही. पाटी लावतो. आणि पोरीला उद्यापासून येऊ दे."

संध्याकाळी पाटी लागली: मशीनवर पाणी शिंपडू नये.

ताईंनी ती जिवल्याला वाचून दाखवली. त्याने विचारलं, "आनि घामाचं काय, ताई? तोबी खाराच असतो."

ताईंनी वही मिटली. अहवाल त्यांच्या हातात होता, मशीन शेठच्या.

भूत नव्हतं, एवढं कळून भागत नाही. यंत्र आपोआप चाललं, तर अंगारा लावू नका, लेकीबाळींना दोष देऊ नका आणि गरिबाच्या माथी चूक मारून मोकळेही होऊ नका. ते कसं चालतं, कशाने फसतं, विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारा.

मंगळवारी सकाळी दीपाली डाव्या हाताने पिशवी लावायला बसली. जबड्याची धग थेट तोंडावर येत होती. तासाभरात तिच्या कपाळावर घाम डवरला आणि जिवल्या कोरडं फडकं घेऊन तिच्या शेजारी उभा राहिला.