कमरेकडून साडेसहा इंच

लास्याच्या शाळेच्या निळ्या स्कर्टला आतून पाच टिपा होत्या. बोटभर अंतराने, एकीवर एक. जूनमध्ये दुकानातून एक माप मोठा स्कर्ट घ्यायचा, खालून दुमडून टिपा मारून घ्यायच्या आणि मुलगी वाढेल तशी एकेक टीप उसवायची, ही आंध्रातल्या तेनालीच्या सगळ्याच घरांची रीत. उसवलेल्या टिपेच्या जागी बारीक भोकांची रांग राहते आणि ऊन न लागलेला कापडाचा पट्टा गडद दिसतो. लास्याच्या वर्गातल्या मुलींच्या स्कर्टांवर असे एक-दोन पट्टे होतेच. लास्याच्या स्कर्टावर एकही नव्हता. सहावीत दोन टिपा होत्या, सातवीत तीन, आता आठवीत पाच. एकही कधी उसवली गेली नव्हती.

लास्याची आई स्वर्णलता शिंपी मस्तानभाईंच्या दुकानातल्या स्टुलावर बसून समोर उभ्या लेकीच्या अंगावरच्या त्या स्कर्टाकडे बघत होती. मग उठली. दारापर्यंत जाऊन पुन्हा येऊन बसली.

"पायात काटे भरलेत का गं?" सासूबाई म्हणाल्या. "बस की एका जागी."

दर जूनला ती वयाप्रमाणे मोठं माप घ्यायची. सासूबाई त्यावरचा आकडा शेजारणीला मोठ्याने वाचून दाखवायच्या आणि घर निर्धास्त व्हायचं. मग स्वर्णलता स्कर्ट घेऊन एकटीच मस्तानभाईंकडे यायची आणि सांगायची, टिपा आतून घाला, दोरा त्याच रंगाचा लावा, बाहेरून दिसता कामा नयेत. मुलीला कोणी बोलू नये एवढाच तिचा हेतू होता. पण त्या टिपांमुळे घरात कोणाला काही दिसलंच नाही.

तिला मात्र दिसत होतं. ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये चौदा वर्षं काम करत होती. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला दर एक तारखेला ती लास्याच्या उंचीची पेन्सिलीने रेघ मारायची, आणि चौदा महिन्यांतल्या चौदा रेघा दीड सेंटीमीटरात मावल्या होत्या. लास्याचं रक्त तिने स्वतः काढून तपासलं होतं. थायरॉइड ठीक, साखर ठीक, हिमोग्लोबिनही ठीक. लॅबच्या डॉक्टरांनी हैदराबादच्या एका मोठ्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली होती: मनगटाचा एक्स-रे, मग गुणसूत्रांची तपासणी. "हाडांची टोकं जुळायच्या आत जा," ते म्हणाले होते. "एकदा जुळली की उंची वाढत नाही, मग औषधाचाही उपयोग नाही."

याला आठ महिने झाले. पर्समध्ये ती चिठ्ठी घड्यांवर मऊ पडली होती. आधी परीक्षा होती, मग दसरा, मग संक्रांत. दोनदा नंबर लावून तिने दोनदा रद्द केला. घरात विषय काढला तेव्हा नवऱ्याने, कोटेश्वररावांनी, आईकडे बघितलं आणि सासूबाई म्हणाल्या, "पोरीचं नाव एकदा इस्पितळात चढलं की स्थळं दारावरून परत जातात. ओणीचा कार्यक्रम होऊन जाऊ दे, मग बघू." त्या 'मग'ला कधीच तारीख नसायची. या वेळी मात्र तिने कोणाला न सांगता शुक्रवारचा नंबर लावला होता. आज बुधवार होता, आणि वयात आलेल्या मुलीला पहिल्यांदा ओढणी नेसवायचा तो ओणीचा कार्यक्रम रविवारी.

कार्यक्रमासाठी लास्याच्या मामाने तयार लंगा-ओणी आणली होती. जांभळा रेशमी परकर, खाली वीतभर जरीचा काठ, वर पोपटी ओढणी. आतल्या लेबलवर लिहिलं होतं, वय बारा ते तेरा. लास्याला तेरावं चालू होतं.

"मस्तानभाई, जपून हं," सासूबाई म्हणाल्या. "मामानं हौसेनं आणलाय. कात्री लावायच्या आधी देवाचं नाव घ्या."

"कात्रीच्या वेळी घेईन, मोठ्या अम्मा. टेप लावतानाच घेत बसलो तर तो म्हणेल, ह्या शिंप्याला स्वतःचा काही भरवसा आहे की नाही?"

सासूबाई हसल्या. मस्तानभाईंनी लास्याच्या कमरेपासून जमिनीपर्यंत टेप सोडली. मग परकर टेबलावर पसरून तोही मोजला. दोन्ही मापं घेऊन झाल्यावर त्यांनी पुन्हा एकदा लास्याला उभं केलं, पुन्हा टेप लावली.

"साडेएकोणतीस. परकर छत्तीस आहे."

"मग खालून दुमडा की," सासूबाई म्हणाल्या.

"काठ आत जाईल, अम्मा. मग रविवारी लोकांना काय, कोरं कापड दाखवणार? हा कमरेकडूनच घ्यावा लागेल. पट्टा उसवायचा, वरचे साडेसहा इंच काढायचे, पट्टा परत लावायचा."

"मग तसं करा. इतकं विचारायचं काय त्यात?"

मस्तानभाईंनी खडू कानामागे खोचला. ते सासूबाईंशी बोलत होते, पण बघत होते स्वर्णलताकडे.

"काढायच्या दोन तऱ्हा असतात. कापून टाकलं तर चापून बसेल, पण मग हा परकर पुन्हा वाढवता येणार नाही. न कापता आत दुमडला तर पुढे उसवून लांब करता येईल. पण साडेसहा इंच जाड रेशीम कमरेत कोंबलं तर पोर गादी बांधल्यासारखी दिसेल." त्यांनी टेप गुंडाळली. "लतम्मा, मला एवढंच सांगा. पोर वाढणार आहे का? वाढणार असेल तर दुमडतो. नसेल तर कापतो."

बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. स्वर्णलता उठून उभी राहिली. पर्सची चेन तिने उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"वाढणार नाही तर काय?" सासूबाई म्हणाल्या. "आमच्याकडच्या मुली ओणीनंतरच वाढतात. हिची आत्या बघा, ओणी नेसली आणि वर्षात शेवग्याच्या शेंगेसारखी लांब झाली. दुमडा तुम्ही."

"मागच्या वर्षीही तुम्ही हेच म्हणाला होतात, नानम्मा," लास्या आजीला म्हणाली.

तिघांनीही तिच्याकडे बघितलं. तिने स्कर्टाची कड बोटाने उलटी केली होती.

"पाच आहेत. मागच्या वर्षी तीन होत्या. मला काय मोजता येत नाही? प्रार्थनेच्या रांगेत मी सगळ्यात पुढे असते. चौथीतल्या मुली मला विचारतात, तू कुठल्या तुकडीत." तिने कड सोडली. आवाज रडका नव्हता, जरा वैतागलेला होता. "अम्मा, भाई विचारतायत ना? सांग की. वाढणार आहे का मी?"

"अगं, पोरीनं असं चारचौघांत..." सासूबाईंनी दाराबाहेर नजर टाकली. "स्वर्णलता, सांग तिला. हो म्हण आणि चला घरी. उशीर होतोय."

लॅबमध्ये रोज कोणीतरी काचेशी येऊन विचारायचं, मॅडम, अंदाजे काय असेल? आणि ती सांगायची, अंदाजे काही नसतं, तपासल्यावर कळेल. चौदा वर्षांत तिने एकही आकडा मनाने लिहिला नव्हता. हा एकच आकडा ती गेली तीन वर्षं निळ्या दोऱ्याने झाकत आली होती. तिने पर्समधली चिठ्ठी बाहेर काढली आणि टेबलावर जांभळ्या परकराशेजारी ठेवली. तळहाताने तिच्या घड्या सपाट केल्या.

"मला माहीत नाही, लास्या," ती म्हणाली. "तपासल्याशिवाय कोणालाच कळणार नाही." मग ती मस्तानभाईंकडे वळली. "भाई, कापा. रविवारी ती आहे तेवढीच दिसू दे. पुढे वाढली तर नवा घेऊ. आणि स्कर्टाच्या त्या टिपा, त्या यापुढे बाहेरून दिसल्या तरी चालतील, आता लपवायच्या नाहीत."

"आणि हे काय?" सासूबाईंनी चिठ्ठीकडे बोट केलं. "कार्यक्रमानंतर बघू म्हटलं होतं ना मी?"

"म्हटलं होतं, अत्तय्या. आठ महिने मीही तेच म्हणत होते. परवा, शुक्रवारी, पहाटेच्या गाडीनं मी लास्याला हैदराबादला डॉक्टरांकडे नेते आहे."