पुढे काका आहेत

मला पुरस्काराची हाव नाही, असं मी गेली बावीस वर्षं सांगत आलोय आणि आमची शरयू ते ऐकून गेली बावीस वर्षं नुसतं "हं" म्हणत आलीये.

आता खरं सांगतो. हाव होती. चांगली पोतंभर होती. साताऱ्यात मराठी शिकवता शिकवता मी कुमारवयीन मुलांसाठी सात कादंबऱ्या लिहिल्या. बारा ते सोळा वयाच्या पोरांसाठी लिहिणाऱ्याचं काय होतं ते ज्यानं लिहिलंय त्यालाच ठाऊक. मोठे साहित्यिक पंगतीला पाट देत नाहीत आणि बालसाहित्यवाले विचारतात, तुमच्या गोष्टीत ससा कुठाय? बावीस वर्षांत एकदा उत्तेजनार्थ प्रमाणपत्र आलं, तेही पोस्टानं. पोस्टमननं ते चार घड्या घालून दाराच्या फटीतून सरकवलं होतं. लोकांच्या खांद्यावर शाली पडताना बघून टाळ्या वाजवायच्या, घरी येऊन शरयूला म्हणायचं, "मला काही हाव नाही बरं का." असं चाललं होतं.

म्हणून तासगावहून पत्र आलं, की माझी सातवी कादंबरी 'पाच जण आणि एक कडा' ही 'मनुबाई स्मृती कुमार साहित्य पुरस्कारा'साठी शेवटच्या तीन पुस्तकांत आली आहे, तेव्हा मी ते शांतपणे वाचलं, घडी घातली आणि आख्ख्या यादोगोपाळ पेठेला सांगून आलो. दूधवाल्यालासुद्धा सोडलं नाही. शोकेसमध्ये मधोमध भाच्यानं दिलेला दिव्याचा ताजमहाल होता, तो काढून माळ्यावर ठेवला. सन्मानचिन्हाला जागा नको का?

"अहो, मिळाल्यावर हलवा की ताजमहाल," शरयू म्हणाली.

"तू वाचलंस ना पुस्तक? कसं वाटलं?"

"सांगितलं की तेव्हाच. छान आहे."

मग झालं तर. माझ्या प्रत्येक पुस्तकाची पहिली प्रत मी सही करून तिला देतो. ती माझी पहिली वाचक. आणि ती उगाच गोड बोलणाऱ्यांतली नव्हे. मागच्या एका कादंबरीच्या वेळी मला स्पष्ट म्हणाली होती, "ते आप्पाकाका जरा कमी करा." आप्पाकाका हे माझं लाडकं पात्र. माझ्या सगळ्या कादंबऱ्यांत ते असतात. पोरं संकटात सापडली की कुठूनतरी येतात, दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगतात. तेव्हा मी तिला म्हटलं होतं, तुला साहित्यातलं काय कळतंय. या खेपेला तिनं एका शब्दानंही काकांचं नाव काढलं नव्हतं. म्हणजे काका चांगले वठले होते.

निकालाच्या दिवशी सकाळची एसटी पकडून विट्यावरून तासगावला गेलो. अंगात नवा नेहरू शर्ट, खिशात भाषणाचा कागद. त्यात 'मी कृतार्थ आहे' हे तीनदा आलं होतं, एक काढायचं बसमध्ये ठरवलं.

हा पुरस्कार देतात रायगोंडा पाटील. बेदाण्याचे व्यापारी, सत्तरीचे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मनुबाई त्यांची आई. बाईंना अक्षरओळख नव्हती, पण बेदाण्याच्या शेडवर बायका माल निवडायला बसल्या की त्या एखाद्या शिकलेल्या पोरीला मधे बसवून पुस्तक वाचायला लावायच्या. हे सगळं मला वाचनालयाच्या ग्रंथपाल गुणमालाताईंनी सांगितलं. मोठ्या शांत बाई. त्यांनी मला त्यांच्या खोलीत बसवलं. समोर टेबलावर तिन्ही स्पर्धक पुस्तकांचे गठ्ठे होते.

"परीक्षक कोण आहेत?" मी सहज विचारतोय असं दाखवत विचारलं.

"परीक्षक न्हाईत सर. प्रत्येक पुस्तकाच्या पाच प्रती घेतल्या आणि पाच गावांतल्या वाचनालयांत सहा महिने ठेवल्या. आता परत आणल्यात. अण्णा त्या बघतील आणि जे पुस्तक जास्त मळलंय त्याला बक्षीस."

मला वाटलं बाई गंमत करतायत. त्या करत नव्हत्या.

आता तुम्हीच सांगा. चौतीस वर्षं मी वर्गात ओरडत आलो, पुस्तकाला कव्हर घाला, पानाचा कान दुमडू नका, खाता खाता वाचू नका. कितीजणांना त्यापायी बाकावर उभं केलंय. आणि माझं आयुष्यभराचं साहित्य आता मळावर मोजलं जाणार? माझं डोकंच फिरलं. पण तोंडानं म्हणालो, "वा, अभिनव कल्पना आहे."

ताईंनी समोर चुरमुऱ्यांच्या भडंगाची बशी ठेवली आणि चहा सांगायला बाहेर गेल्या. मी खोलीत एकटा उरलो.

माझ्या गठ्ठ्यावरची प्रत उचलून बघितली. पुस्तक नवं कोरं होतं. दुकानात बरं दिसलं असतं असं. मला पेठेतली सगळी घरं आठवली, तो दूधवाला आठवला, शोकेसमधली मोकळी जागा आठवली. आणि मी, हरी विनायक सोवनी, सेवानिवृत्त शिक्षक, आदर्श वर्गाची फिरती ढाल दोनदा मिळवलेला माणूस, भडंगाच्या बशीत चारही बोटं बुडवली.

तेल चांगलं होतं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मी नीट, एकही पान न गाळता, बोटं पुसत गेलो. दर दहा पानांनी एक कान दुमडला. मधे दोन शेंगदाणे दाबले. वाईट इतकंच वाटलं, की हे काम मी मन लावून केलं.

पुस्तक गठ्ठ्यावर ठेवतोय तोवर ताई चहा घेऊन आल्या आणि त्यांच्या मागून अण्णा. धोतर, डोक्याला पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं.

"आवं मास्तर, बसा की. उठताय कशापायी? तिसरं लेखक काय येत न्हाईत, आन् ती पोरगी ड्यूटी संपवून येतीया. तवर आपण माल बघू."

माल म्हणजे साहित्य. मी बसलो.

तिसऱ्या लेखकाच्या प्रती जवळजवळ कोऱ्याच होत्या, त्या बाजूला सारून अण्णांनी दुसऱ्या गठ्ठ्याला हात घातला. 'अकरा नंबरच्या सीटखाली', लेखिका स्वप्नाली, इस्लामपूरची एसटी कंडक्टर, पहिलंच पुस्तक. अण्णांनी पुस्तक उघडलंच नाही. मिटलेलंच खिडकीच्या उजेडात आडवं धरलं आणि पानांची कड बघितली.

"हे बघा मास्तर. पोरं वाचत्यात तितं हाताचा मळ बसतोय. पुस्तक मिटलं की कडंला काळा पट्टा दिसतोय. जितवर काळं तितवर वाचलंय. म्होरं पांढरं, म्हंजे सोडलं. पेटीत वरचा थर समदेच चांगला लावत्यात वो. आमी हात तळाला घालतो."

स्वप्नालीच्या पुस्तकाची कड या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी होती. सगळ्यांचीच. पण प्रती चारच होत्या.

"पाचवी?" मी विचारलं.

"ती आलीच न्हाई परत," अण्णा म्हणाले. "कुनीतरी ढापली." मी आजवर पुष्कळ समीक्षा वाचल्या, पण एवढ्या समाधानानं कुणी कुणाचं कौतुक केलेलं पाहिलं नव्हतं.

मग माझा गठ्ठा. वरची प्रत त्यांनी बाजूला ठेवली आणि खालच्या चार घेतल्या. एकेक उजेडात धरली. सुरुवातीला काळा पट्टा होता, चांगला जाड होता. माझा जीव जरा भांड्यात पडला. आणि मग तो पट्टा थांबला. पुढं सगळं पांढरं. चार गावांतल्या चार प्रती, आणि चारही पट्टे एकाच जागी थांबलेले, मधे बांध घातल्यासारखे.

ताईंनी त्या जागी नख घालून पुस्तक उघडलं. पान एक्केचाळीस. दुसरं उघडलं. एक्केचाळीस. तिसरंही तेच. मला पान बघायची गरज नव्हती. एक्केचाळिसाव्या पानावर पोरं कड्याला लोंबकळत असतात, दोर तुटायला आलेला असतो, आणि वर आप्पाकाका येतात. ते पोरांना वर ओढतात त्रेपन्नाव्या पानावर. मधली बारा पानं ते शिस्तीबद्दल बोलतात.

सावळजच्या वाचनालयातून आलेल्या प्रतीत त्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात कुणीतरी पेन्सिलीनं, मागून येणाऱ्या वाचकांसाठी, घाटात वळणाआधी पाटी लावतात तसं लिहून ठेवलं होतं: 'पुढे काका आहेत.'

अक्षर सुरेख होतं. मी अजून नोकरीत असतो तर वहीवर शेरा दिला असता.

राहिली पाचवी प्रत. अण्णांनी ती हातात घेतली, उलटी सुलटी केली, दोन शेंगदाणे टेबलावर गळून पडले. त्यांनी पुस्तक नाकाशी नेलं. मी खिडकीबाहेर बघू लागलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक ट्रॅक्टर उभा होता.

"पोरं कवाच समदी पानं सारखी मळवत न्हाईत," अण्णा हळूच म्हणाले. मग खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी पुस्तकाचं कव्हर पुसलं आणि ते गठ्ठ्याच्या तळाशी सरकवलं. "गुणमाला, ही प्रत धरू नगंस. मास्तरांनी वाचलीया ती."

बास, इतकंच. पुढं त्यांनी द्राक्षांचा विषय काढला. मला भयंकर लाज वाटली. भडंगाची वाटलीच, पण त्याहून त्या पांढऱ्या कडेची वाटली. बावीस वर्षं मला वाटत होतं की मला पुरस्कार मिळत नाही. मला वाचतच नाहीत, हे कुणी असं उजेडात धरून दाखवलं नव्हतं.

स्वप्नाली आली ती खाकी ड्रेसवरच. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह आणि बेदाण्याची एक पेटी तिला मिळाली. भाषणाला उभी राहिली आणि 'थँक्यू' म्हणून खाली बसली. मग माझ्या पाया पडायला आली.

"सर, तुमचा तो कडा चढायचा प्रसंग मी तीनदा वाचला."

"आणि पुढचं?"

पोरगी गोंधळली. "पुढं... माझी गाडी सुटायची वेळ झाली."

कंडक्टरला सोडून गाडी सुटते होय? पण पोरगी गुणी. तिनं तिच्या पुस्तकाची एक प्रत मला दिली. परतीच्या बसमध्ये, त्यात काय दिवे लावलेत बघू म्हणून मी ती उघडली, ती रहिमतपूर मागं पडलं तरी मिटली नाही. रागच आला मला. त्यात एकही माणूस कुणाला काही शिकवत नव्हता. साताऱ्याला उतरताना पुस्तक आडवं धरून बघितलं. माझ्या अंगठ्यानं कड शेवटपर्यंत मळली होती.

घरी पोचलो तेव्हा शरयू स्वयंपाकघरात कणीक मळत होती. तिनं माझ्या हातातल्या एकुलत्या पुस्तकाकडे बघितलं आणि पुन्हा परातीत हात घातला. बाहेरच्या खोलीत आलो तर शोकेसमध्ये ताजमहाल जागच्या जागी होता. दिवासुद्धा लावला होता.

हिला कसं कळलं? मी गेल्यावर काढला असणार माळ्यावरून. म्हणजे निकाल कळायच्या आधीच.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी कपाटाकडे गेलो. 'सौ. शरयूस, पहिल्या वाचकाला' असं लिहिलेली प्रत बाहेर काढली. मनात म्हणत होतो, नको बघूस, हरी, ठेव परत. पण दिव्याखाली आडवी धरलीच. कडेला पट्टा होता. काळा नव्हे, पिवळा. ती फोडणी देताना एका हातात पुस्तक धरते. हळदीचा पिवळाधमक पट्टा, आणि मधेच थांबलेला. उघडून बघितलं. एक्केचाळीस.

पुस्तक घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो.

"शरयू, तू हे पूर्ण वाचलं नाहीस."

"नाही," ती म्हणाली. कणीक मळायची थांबली नाही.

"छान आहे म्हणालीस."

"छानच होतं. तुम्ही कसं वाटलं ते विचारलंत. कुठपर्यंत वाचलंस, असं बावीस वर्षांत एकदा तरी विचारलंत?"

"पण का थांबलीस?"

तिनं पहिल्यांदा वर बघितलं. "अहो, पुढं काका होते ना."

मी मटकन पाटावर बसलो. आधी रडू येईल असं वाटलं, पण आलं ते हसू, आणि ते काही केल्या थांबेना. मला हसताना बघून तीही हसायला लागली. मग मी तिला सगळं सांगितलं, भडंगासकट. भडंगाचं ऐकून तिनं कपाळाला हात लावला, तो पिठाचाच.

दुसऱ्या दिवसापासून तीच गोष्ट पान एक्केचाळीसपासून पुन्हा लिहायला बसलो. आप्पाकाकांना कड्यावर येऊच दिलं नाही. जड गेलं, खोटं कशाला सांगू. सात पुस्तकांचा सोबती, आणि तसं बघितलं तर ते काका म्हणजे मीच. पोरांना त्यांचं तेच वर यावं लागलं, आणि कशी येतात ते लिहिता लिहिता मलाही ठाऊक नव्हतं. अकरा दिवस लागले.

बाराव्या दिवशी सकाळी हाताने लिहिलेली नवी पानं घेऊन स्वयंपाकघरात गेलो. कढईत तेल तापत होतं, शरयूच्या हाताशी मिसळणाचा डबा उघडा होता. एक्केचाळिसाव्या पानापासूनचा गठ्ठा मी तिच्यासमोर धरला.

"ठेवा तिकडं. हळदीनं हात बरबटलेत माझे," ती म्हणाली. "धुऊन घेते."

"असू दे," मी म्हणालो. "तशीच वाच."