पाठीला लावलेली पानं

"एक्क्याऐंशी, ब्याऐंशी, त्र्याऐंशी…"

बाइंडर ओठांतल्या ओठांत पानांचे आकडे लावून बघत होता. वाचनालयाच्या तळघरात त्याची तीस वर्षं गेली होती आणि एवढ्या वर्षांत त्याने पुस्तकातलं काही वाचलं असेल तर ते हेच. खिळखिळं पुस्तक उसवायचं, सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे करायचे, आकडे जुळतात का बघायचं आणि पुन्हा शिवायचं. मजकुराशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. वरच्या ग्रंथपालबाई त्याला चिडवायच्या, "बाइंडर, एवढी विद्या हाताखालून गेली, एक थेंब तरी अंगाला लागला का?"

"वाचत बसलो तर शिवणार कोण, बाई?" हे त्याचं ठरलेलं उत्तर.

आज मात्र अंगठा त्र्याऐंशीवर अडकला. वर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'फेफरे : समज आणि गैरसमज'. हा शब्द त्याच्या घरात कुणी उच्चारत नसे. घरात फक्त 'टिल्लीला बरं नाही' असं म्हणायचे. टिल्ली म्हणजे त्याची एकुलती एक लेक. नाव पडलं तेव्हा ती मूठभर होती. आता एकोणीस वर्षांची आणि बापापेक्षा बोटभर उंच.

त्याने चष्मा पुसला. 'फेफरे हा मेंदूचा आजार आहे. तो कुणाच्या शापाने होत नाही. आईवडिलांच्या पापाची शिक्षा म्हणूनही होत नाही.'

बाइंडर स्टूल ओढून बसला. कारण त्याचं पाप त्याला तारीखवार पाठ होतं. अकरा वर्षांपूर्वी बारा पुस्तकं संध्याकाळच्या आत द्यायची होती आणि पाठीला आतून चिकटवायचा कागद संपला होता. रद्दीत एक फाटकं प्रार्थनेचं पुस्तक पडलेलं होतं. त्याने त्याची पानं सरळ कापली आणि खळ लावून बाराही पाठींना डकवून टाकली. आठच दिवसांनी टिल्ली शाळेच्या पायऱ्यांवर कोसळली, तोंडाला फेस. त्याने मनातल्या मनात दोन्हींची गाठ मारली आणि बायकोलाही कधी कळू दिलं नाही. पुढे ती पुस्तकं गुपचूप शोधून, पाठी भिजवून त्याने पानं सोडवली. पण सातच सापडली. उरलेली पाच लोकांच्या घरी गेली ती गेलीच, आणि त्या पाचांपायी पोरगी बरी होत नाही अशी त्याची खात्री होती.

म्हणूनच सात आठवड्यांपूर्वी मंतरलेला धागा बांधून आजार घालवणारी धागेवाली बाई म्हणाली, "माझा धागा आणि डॉक्टरच्या त्या गोळ्या एकत्र चालणार नाहीत," तेव्हा तो लगेच हो म्हणाला होता. बायको कचरत होती. बिचारा! पापावर गोळी कसली चालते, असं त्याला मनापासून वाटत होतं. तेव्हापासून चार झटके येऊन गेले होते.

त्याने पान उलटलं. 'औषधे एकाएकी बंद करू नयेत. तसे केल्यास झटके लांबतात, एकामागून एक येतात आणि रुग्णाच्या जिवावर बेतते.' खाली, झटका आला तर काय करावं आणि काय करू नये, तेही होतं. तो सगळं दोनदा वाचून गेला. मग तो सुटा फर्मा शर्टाच्या खिशात कोंबून जिना चढला.

"अहो, कुठे निघालात?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"आणतो परत!" तो धावतच ओरडला.

माय-लेकी आज धागेवालीकडेच गेल्या होत्या आणि तिथे फोन बंद ठेवावे लागत. टायरच्या दुकानावरची लांबट खोली होती ती. भिंतीला लागून खुर्च्या, वीसेक माणसं. टिल्ली आईच्या खांद्यावर मान टाकून बसली होती.

"तुम्ही? या वेळी?" बायको दचकली.

"ऊठ. दवाखान्यात जायचंय. गोळ्या आजच सुरू करायच्या."

"हळू बोला की! आपला चौदावा नंबर आहे, नऊ झालेत."

"चुलीत गेला नंबर! हे ऐक आधी." त्याने फर्मा काढून भरभर वाचून दाखवलं.

तिचा चेहरा उतरला आणि मग ती भडकली. "तीस वर्षं नुसती शिवलीत, आणि आज वाचायचं सुचलं होय? बंद करा म्हणालं कोण? मी तीनतीनदा विचारलं तुम्हाला!"

"मीच म्हणालो," बाइंडर म्हणाला, आणि त्या वीस अनोळखी माणसांदेखत त्याने प्रार्थनेच्या पुस्तकाचं सगळं सांगून टाकलं.

बायकोने त्याचं मनगट धरलं. "अकरा वर्षं? अहो, एका शब्दाने बोलायचं तरी! ही पोटात असताना मी जिन्यावरून पडले होते. मी समजत होते, माझ्यामुळेच झालं."

टिल्लीने मान उचलली. "आणि मी समजत होते, माझंच काहीतरी वाईट आहे, म्हणून मलाच…"

पुढचं बोलणं झालंच नाही. तिचे डोळे वर गेले आणि ती खुर्चीवरून खाली आली.

लोक धावले. कुणी हात दाबायला बसलं, कुणी चमचा आणला. "तोंडात घाला, जीभ तुटेल!"

"कुणी हात लावायचा नाही!" बाइंडर असा गरजला की त्याचा त्यालाच आवाज ओळखू आला नाही. त्याने खुर्च्या दूर ढकलल्या, फर्मा बायकोच्या हातात कोंबला, शर्ट काढून, घडी करून तिच्या डोक्याखाली सारला, तिला कुशीवर वळवलं आणि घड्याळ बघत बसला. एक मिनिट. तीन. पाच. "गाडी बघा कुणीतरी! पाचाच्या वर गेलं!" झटका थांबला, ती श्वास घेते न घेते तोच दुसरा आला. टायरवाल्याने आपली गाडी काढली. धागेवाली दाराची कडी धरून उभी होती.

दवाखान्यात दार बंद झालं ते तीन तास. मग एक तरुण डॉक्टरीण कागद घेऊन बाहेर आली. "गोळ्या कुणी बंद केल्या?"

"आम्ही दोघां…" बायको म्हणू लागली.

"मी," तो म्हणाला. "हिने नाही. मी केल्या."

डॉक्टरणीने लिहून घेतलं. "झटके थांबलेत. पण फार वेळ चालले. शुद्धीवर येईपर्यंत मी काहीच सांगू शकत नाही."

ती आत गेल्यावर बायकोने विचारलं, "फार वेळ म्हणजे किती? लिहिलंय का त्यात?"

त्याने तिच्या हातातला फर्मा घेऊन शेवटपर्यंत उलटून पाहिला. "नाही. हा शहाण्णवला संपतो. पुढचं तिकडे तळघरात राहिलं."

शर्ट टिल्लीबरोबरच आत गेला होता आणि बाइंडर बाकावर नुसत्या बनियनवर बसला होता. येणारे-जाणारे बघून जात होते.

"उठली की पहिलं काय सांगायचं तिला?" बायकोने विचारलं.

"तुझं काही वाईट नाही, एवढंच."

"आणि नाही उठली तर?"

बाइंडरने दोन्ही तळहात तोंडावरून फिरवले. नखांत वाळलेली खळ होती.

"तरी सांगायचं," तो म्हणाला.

तिने आपल्या शालीचं अर्धं टोक त्याच्या उघड्या खांद्यावर टाकलं.